पपईचे भय, गोळीचा भरवसा

वैद्यकाच्या मान्यताप्राप्त शाखांमध्ये जिची गणना अद्याप झालेली नाही, परंतु जिच्या दारातील गर्दीपुढे कोणत्याही सरकारी रुग्णालयाने हात टेकावेत, अशी एक उपचारपद्धती महाराष्ट्रात घरोघरी नांदत असून तिला सोयीसाठी 'शेजारवैद्यक' म्हणता येईल. एकीला एकदा लागू पडलेली गोळी साऱ्या आळीला लागू पडते, हा तिचा पायाभूत सिद्धान्त; फ्रीजवरच्या डब्यात साठलेली अर्धवट पाकिटे हे तिचे औषधालय; आणि एक कप चहा हे तिचे शुल्क. या पद्धतीचा सर्वांत लाडका रुग्ण म्हणजे गरोदर स्त्री, कारण सासू, जाऊ, शेजारीण आणि मेडिकलच्या काउंटरवरचा मुलगा या सर्वांनाच तिच्यावर उपचार करण्याचा अधिकार पोहोचतो. तिने स्वतः काही विचारावे, अशी तरतूद मात्र त्यात नाही.

सर्व धोके फळांत असतात, गोळ्यांत नसतात, हे या वैद्यकाचे पहिले सूत्र. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावण्याची शंका घेण्यास जागा आहे, परंतु पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भपात होतो याला भक्कम पुरावा नाही. तरीही पोटुशी सून घरात असेपर्यंत पपईला उंबरठा ओलांडता येत नाही. त्याच सुनेची सातव्या महिन्यात कंबर धरली, की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मात्र मायेने पुढे केली जाते. या वेदनाशामकांमुळे विसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तिमाहीत गर्भाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी वेळेआधीच मिटू शकते. पण गोळी पपईसारखी पिवळी दिसत नसल्याने तिचा संशय कोणालाही येत नाही.

दुसरे सूत्र गुप्ततेचे आहे. दृष्ट लागू नये म्हणून पहिले तीन महिने गोड बातमी कोणालाही सांगू नये, असा प्रघात आहे. गर्भाचे अवयव घडण्याचा मुख्य काळ, म्हणजे गर्भधारणेनंतरचा तिसरा ते आठवा आठवडा, नेमका याच तीन महिन्यांत पडतो. त्यामुळे घशासाठी डॉक्सिसायक्लिन, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डोक्यासाठी 'काहीतरी' देणाऱ्या दुकानदारालाही बातमी कळत नाही, आणि दृष्ट टळून औषध मात्र पोहोचते. पश्चिम जर्मनीत 1957 साली निर्धोक म्हणून बाजारात आलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गरोदरपणातील मळमळीवरही घेतले गेले. 1961 मध्ये ते तेथे मागे घेतले गेले, पण त्याच्यापायी अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुले व्यंगे घेऊन जन्मली, आणि त्यांतील कित्येकांचे हातपाय अपुरे वाढलेले होते. शेजारवैद्यकाच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण नाही.

तिसरे सूत्र तांबड्या रंगाविषयी आहे. चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांच्या, म्हणजे 'शेड्यूल एच'मधील औषधांच्या, पाकिटावर उभी तांबडी रेघ असते. शेजारवैद्यक तिला नक्षी मानते. याउलट आरोग्य-स्वयंसेविका असलेल्या आशाताईंनी आणून दिलेल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या तांबड्या गोळीवर मात्र त्याचा विलक्षण अविश्वास असतो: तिने बाळ काळे होते, तिने बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते, म्हणून ती उशीखाली सरकवली जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, आणि या गोळ्या ठरलेले 180 दिवस घेणाऱ्या माता 26 टक्केच निघाल्या. फेफऱ्याची किंवा थायरॉइडची चालू गोळी डॉक्टरांना न विचारता 'बाळासाठी' बंद करणे, ही याच सूत्राची पुढची पायरी होय. आईला आलेला झटका बाळालाही भोवतो, ही बाब त्यात गृहीत धरलेली नसते.

या वैद्यकाचा कळस म्हणजे मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी पुडी. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते, तर पुडी दिली जाते त्यानंतर काही आठवड्यांनी, म्हणजे निकाल लागल्यावर आणि अवयव घडत असताना. हरियाणात झालेल्या अभ्यासात अशा औषधांचा संबंध जन्मजात व्यंगांशी आढळला आहे. अपयश आल्यास दोष पुडीचा नसून उशिरा घेणारीचा असतो, त्यामुळे हे शास्त्र आजवर एकदाही चुकलेले नाही.

एवढे झाल्यावर प्रबोधनाचा आग्रह धरणाऱ्यांनी एक प्रश्न सोडवावा. पाकिटावरील सूचना बहुधा इंग्रजीत, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत छापलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. पपईवर कोणतीही सूचना कधीच छापलेली नाही, आणि ती साऱ्या घराला तोंडपाठ आहे.