लाइट-पाणी धरून

हार्बरच्या गाडीने या की ठाण्याकडून, जुईनगरला उतरलेल्या बॅचलरला एजंट हमखास ऐकवतो, "वन आरके आहे, लाइट-पाणी धरून!" बॅचलर हरखतो. मालक त्याला अजून भेटायचा असतो.

हे मालक, म्हणजे काका, साठी उलटलेले. घर एक, भिंत घालून केलेले भाग दोन, मीटर एकच आणि तोही काकांच्या नावावर. पूर्वीचा एक भाडेकरू आपल्या वाट्याचं बिल थकवून पसार झाला. तेव्हापासून काकांनी बिल भाड्यात धरलं आणि झोप गमावली. महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटांवर पायऱ्या आहेत; वरच्या पायरीचं युनिट महाग. एका मीटरवर दोन संसार, त्यामुळे तीनशेची पायरी जवळ आली की काकांचा रक्तदाबही चढतो. रोज रात्री बनियनवर, हातात टॉर्च घेऊन ते मीटरचे आकडे वहीत उतरवतात. जिन्यातला दिवाही बंद करतात. टॉर्च आहे ना!

विचारपूस मात्र मायेची. अकरानंतर दिवा दिसला, की "झोप येत नाही का?" दुपारी घरून काम करताना दिसलात, की "आज ऑफिस नाही? बरं आहे ना?" एसीचा विषय काढायचा नाही. गिझरचा त्यांनीच काढलेला असतो.

"दोन हजार वॉटचा आहे हो! अर्ध्या तासात युनिट खातो. तेवढ्यात पंखा बारा-तेरा तास फिरतो."

"मग काका, आंघोळ पंख्याखाली करू का?"

काका चिडत नाहीत. क्षणभर खरोखरच विचार करतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र कर्णाचा अवतार. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं, याचा अभिमान त्यांना महापौरांपेक्षा जास्त. "हवं तेवढं वापरा," म्हणतात, "फक्त तापवू नका."

करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. त्यात इस्त्रीचा उल्लेख नाही, ही काकांची सल. पुढच्या करारात येईलच.

त्यांचा खरा सण म्हणजे भाडेकरू गणपतीला कोकणात जातो तो आठवडा. भाडं पूर्ण आणि पलीकडचा पंखा थंड! पाचव्या दिवशी स्वतःहून फोन करतात, "परतायची घाई करू नका हो. गाड्यांना गर्दी असते. अनंत चतुर्दशी तिकडेच करा... आणि पितृपक्षात आईला एकटीला कुठे सोडता?"