बिनपाण्याची पाइपलाइन

प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक कॉम्प्युटरवाले सर असतात, तसे पारनेरलाही आहेत. एमएस-सीआयटीच्या लाटेत काढलेला क्लास कधीच बसला. आता तिथं झेरॉक्स, सातबारा आणि पीकविम्याचे अर्ज चालतात. शटरवरचं ‘विंडोज ९८ शिका’ मात्र शाबूत आहे. दिवसभर सर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढंच बोलतात. संध्याकाळी गर्दी पांगली की त्यांना कंठ फुटतो. सध्या ते पाइप टाकताहेत.

म्हणजे स्क्रीनवर. ‘थ्रीडी पाइप्स’ हा स्क्रीनसेव्हर १९९४ मध्ये विंडोज एनटी ३.५ बरोबर आला आणि व्हिस्टाच्या वेळी गेला. एकच चित्र तासन्‌तास राहून काचेवर डाग पडू नये, म्हणून ही सोय. आता ती काचही गेली आणि डागही गेला. सरांनी मात्र तो पहिल्या ओळीपासून जावास्क्रिप्टमध्ये लिहायला घेतलाय. राळेगणसिद्धीनं पाणी अडवून, जिरवून दाखवलं, त्याच तालुक्यात!

“कशाला?” असं विचारू नये. सर लगेच कागद ओढतात. जागेचे खण पाडायचे. पाइप शेजारच्या मोकळ्या खणात शिरणार. सरळ जायचं की वळायचं, हे नशिबावर. सहाही बाजूंनी कोंडी झाली की दुसरीकडून नवा पाइप.

“एवढ्या वावरांतनं नेताय, भावकी आडवी येत नाही?” विम्याच्या अर्जासाठी थांबलेले एक आबा विचारतात. विहीर खाली, कांदा वर आणि मधे चुलत्याचा बांध, हे ज्यानं भोगलंय त्याचा हा प्रश्न. “अन् पाणी कुठनं उचललंय?”

“आबा, याला पाणी लागत नाही.”

“मग आमच्यासारखाच की!”

सरांचा काटेकोरपणा या एकाच कामात उतरतो. बेसिनचा नळ दिवाळीपासून गळतोय. “अहो, त्याचा वॉशर तेवढा बघा,” असं काकू सांगून थकल्या. सर हार्डवेअरच्या दुकानात गेलेही. पण तिथं एक एल्बो उन्हात धरून फिरवत बसले. “किती इंची देऊ?” दुकानदारानं विचारलं. “द्यायचा नाही, चकाकी कुठं पडते ते बघतोय.” वॉशर राहिला तो राहिलाच.

मूळ प्रोग्रॅममध्ये क्वचित एखाद्या जोडावर चहाची किटली उगवायची. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी ही किटली संगणकात उतरवली आणि तेव्हापासून ग्राफिक्सवाले तिच्यावरच हात साफ करत आले. त्यांचीच ही गंमत. सरांनी ती इतकी दुर्मिळ ठेवली की त्यांनाच दिसेना. प्रमाण वाढवलं, तर अख्ख्या लाइनला किटल्या लागल्या. पुन्हा कमी केलं आणि डोळ्यांत तेल घालून बसले.

परवा भर गर्दीत ती उगवली. “आली! आली!” म्हणत सर खुर्चीवरून उठले. सर्व्हर आला असं समजून रांग पुढं सरकली. आबांनी चष्मा सावरून स्क्रीनकडं पाहिलं.

“पाणी नाही आलं, पण चहा आला,” ते म्हणाले. “सर, आता सगळ्यांना पाजा!”