भूत साडेसतरा रुपयांना पडलं

आनंदाला भागाकार लावल्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं ठाम मत आहे. हयात बँकेच्या तपासणी खात्यात गेली. त्यामुळे दुसऱ्याचा आनंद ते संशयाने बघतात आणि स्वतःचा तर व्हाउचर जोडल्याशिवाय मंजूरच करत नाहीत. लग्नाच्या पंगतीत बासुंदीच्या कितव्या वाटीला आहेर वसूल होतो, याचं कोष्टक त्यांच्याकडे तयार असतं. जेवताना ते वधूवरांकडे बघतसुद्धा नाहीत. असा माणूस सांगलीहून उठून थेट कॅलिफोर्नियात गेला आणि पोराने त्याला बायकोसकट सकाळी आठ वाजता डिस्नेलँडच्या दारात सोडला.

"तुम्ही दोघंच जा, मस्त एन्जॉय करा. तिकिटं ऑफिसातून अगदी स्वस्तात मिळालीयत," असं पोरगा गाडीत म्हणाला. हे वाक्य अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात बोललं जातं आणि सांगलीहून, साताऱ्याहून आलेले आईबाप त्यावर विश्वास बसल्यासारखं दाखवतात. काकांनी तसं दाखवलं नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या गुजराती तरुणाला त्यांनी सरळ भाव विचारला. त्या दिवसाचा भाव होता २०६ डॉलर. माणशी. गुणिले ८५, म्हणजे सतरा हजार पाचशे दहा. दोघांचे पस्तीस हजार वीस. काकांचा चेहरा पाहून त्या तरुणाने त्यांना बसायला जागा आहे का ते शोधलं, असं काकू सांगतात.

१७ जुलै १९५५ ला हे पार्क उघडलं तेव्हा आत जायला मोठ्या माणसाला एक डॉलर पडायचा आणि आतल्या प्रत्येक खेळण्याचे पैसे वेगळे द्यावे लागायचे. पुढे कूपनांची पुस्तकं निघाली. जितका खेळ जोरदार, तितकं कूपन वरच्या दर्जाचं. काकांना ही पद्धत मनापासून पटली असती, कारण जेवढं वापरलं तेवढं बिल. पण १९८२ मध्ये कूपनं बंद झाली आणि एकरकमी तिकीट आलं. एकरकमी म्हणजे वसुलीची सगळी जबाबदारी गिऱ्हाइकाच्या अंगावर. २०१६ पासून तर गर्दीप्रमाणे भाव ठरतो. ज्या दिवशी माणसावर माणूस पडतो, त्या दिवशी तिकीट जास्त, म्हणजे चेंगरून घ्यायचे पैसे वेगळे.

"ज्येष्ठ नागरिकांना काही सवलत?" काकांनी दारावरच्या मुलीला विचारलं. नाही. इथे दहाव्या वर्षी माणूस मोठा होतो आणि पुढे कितीही म्हातारा झाला तरी मोठाच राहतो. काकूंनी मध्ये तोंड घालून, आमच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर सगळ्यांना फुकट आहे, अशी माहिती मराठीत दिली. मुलीने दोघांनाही जादूच्या दिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

त्याआधी पिशवीची झडती झाली होती. डिस्नेलँड घरचं खाणं आत नेऊ देतं, ही गोष्ट आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी फ्रेम करून लावावी अशी आहे. जयसिंगपूरचं भडंग पास झालं. राजगिऱ्याचे लाडू गार्डने हातात घेऊन, वास घेऊन, आदराने परत दिले. अडलं ते कैरीच्या लोणच्यावर, कारण बरणी काचेची आणि काच आत चालत नाही. लोणचं टाकायचं? काकांची औषधं ठेवायची प्लास्टिकची सात कप्प्यांची डबी असते, त्यावर सोमवार ते रविवार लिहिलेलं. काकूंनी गोळ्या काकांच्या खिशात ओतल्या आणि लोणचं वारांप्रमाणे भरलं. त्या दिवशी संकष्टी होती, म्हणजे काकूंना उपास. लोणचं एकट्या काकांचं होतं. वार शुक्रवार असूनही दुपारपर्यंत त्यांनी बुधवार संपवला होता.

पहिलं ठिकाण काकूंनी निवडलं. नकाशात 'टेम्पल' हा शब्द दिसला म्हणून. इंडियाना जोन्सचं हे खेळणं १९९५ मध्ये सुरू झालं. कथा अशी रचलेली की साल १९३५, जागा हिंदुस्थानातला एक हरवलेला त्रिभुज प्रदेश, तिथे जंगलात मारा नावाच्या देवाचं मंदिर. दर्शनाला येणाऱ्याला हा देव चिरतारुण्य, धनदौलत किंवा भविष्याचं ज्ञान देतो. अट एकच, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. काकूंनी शिरताशिरता आधी चपलांचा स्टँड कुठे आहे ते विचारलं. तो नव्हता. मग देवाच्या डोळ्यांत बघायचं नाही हा नियम कळला, तेव्हा मात्र त्यांचा संयम सुटला. "दर्शनाला यायचं आणि डोळे मिटून घ्यायचे? हे कसलं देवस्थान? ह्यांच्या ट्रस्टींना काही कळतं का?"

रांग मात्र अस्सल देवस्थानाची निघाली. अर्ध्या मैलाच्या आसपासची, गुहेतून, कमानींखालून, वळसे घेत घेत जाणारी, पुढे किती उरलीय याचा पत्ता लागू न देणारी. आणि शेजारून, जरा रुंद वाटेने, माणसं चालत चालत पुढे निघून जात होती. काकांनी ती वाट लगेच ओळखली. तिरुपतीला ३०० रुपयांची जी रांग असते ना, तीच. इथे तिचं नाव 'लाइटनिंग लेन'. १९९९ मध्ये डिस्नेने रांग टाळायची 'फास्टपास' ही सोय काढली तेव्हा ती सगळ्यांना फुकट होती. २०२१ पासून तिचे पैसे पडू लागले आणि २०२४ मध्ये आणखी वरचा एक पास निघाला, तिकिटापेक्षाही महाग. म्हणजे रांग आधी बांधली, सजवली, तिच्यात पुतळे आणि दिवे लावले आणि मग तीच टाळण्याची फी आकारायला सुरुवात केली. तिरुपतीला रांगेच्या शेवटी निदान लाडू मिळतो.

काकांनी अर्थातच सर्वदर्शनाची रांग धरली. त्यांचं म्हणणं, रांगेतले पुतळेही तिकिटातच आहेत, तेही बघून घेतले पाहिजेत. प्रत्येक पुतळ्यापुढे ते थांबत होते. मागचे लोक खोकत होते. शेवटी बारा जणांच्या गाडीत बसून देवापुढून गेले तेव्हा काकांनी डोळे घट्ट मिटले, कारण तीन वरांपैकी धनदौलत त्यांना हवी होती. काकूंनी सरळ डोळ्यांत डोळे घालून हात जोडले. पुढे जे काही कोसळलं, पेटलं आणि अंगावर आलं ते त्यामुळेच, असं काका अजून म्हणतात.

वसुलीच्या घाईतून माणसाला शोध लागतात. काकांना 'सिंगल रायडर' या पाटीचा शोध लागला. गाडीत एखादी जागा रिकामी राहिली तर तिथे एकट्या माणसाला बसवतात, त्यामुळे एकट्याची रांग लहान असते. "अगं, वेगवेगळे बसलो तर निम्म्या वेळात होईल!" आयुष्यभर लग्नसमारंभापासून मोतीबिंदूपर्यंत सगळीकडे जोडीने गेलेलं हे दांपत्य पाऊण तास वाचवायला विभक्त झालं. खेळणं होतं मॅटरहॉर्न. स्वित्झर्लंडच्या डोंगराची सिमेंटची प्रतिकृती, १९५९ ची, पोलादी नळ्यांच्या रुळावर धावणारी जगातली पहिली रोलर कोस्टर. आत एक हिममानवही आहे, तो येताजाता गुरगुरतो.

काका उतरले तेव्हा त्यांचा रंग त्या डोंगरासारखा झाला होता. काकू दोन अनोळखी कॉलेजकुमारांच्या मध्ये बसून गेल्या, पहिल्या उतारावर "गजानना!" म्हणून ओरडल्या, दुसऱ्या उतारावर ती दोन्ही मुलंही "गजानना!" ओरडली आणि उतरल्यावर तिघंही खो खो हसत होती. तोवर काका बाकावर बसून पाठीच्या मणक्यांची मोजदाद करत होते. "मी परत जाऊन येते," काकू म्हणाल्या. काकांना तत्त्वतः विरोध करता येईना. दुसऱ्या फेरीने तिकिटाचा भागाकार सुधारत होता. तिसऱ्या फेरीनेही सुधारत होता. त्या डोंगरात एकट्या बाईला इतकं काय सापडलं, हे काकांनी विचारलं नाही. मीही विचारलेलं नाही.

पण दिवसाचा खरा विजय मिळाला हाँटेड मॅन्शनमध्ये. १९६९ चा हा भूतबंगला. शिरल्या शिरल्या एका खोलीत उभं करतात आणि खोली उंच उंच ताणली जाते असं वाटतं. खरं तर ती लिफ्ट असते, माणसांना रेल्वे रुळांच्या बांधाखालून पलीकडे नेण्यासाठी. काकांना लिफ्टमध्ये काही स्वारस्य नव्हतं. त्यांचे कान टवकारले गेले ते आकड्याला. या बंगल्यात ९९९ भुतं राहतात आणि हजाराव्यासाठी जागा आहे, असं तिथे जाहीर सांगतात. काकांनी तिथेच अंधारात मोबाइल काढला. सतरा हजार पाचशे दहा भागिले नऊशे नव्याण्णव. एक भूत साडेसतरा रुपयांना पडत होतं. आणि मंदिर, डोंगर, चाचे, बाहुल्या सगळं वर मोफत! काका इतके खूश झाले की त्यांना एकही भूत दिसलं नाही. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, ती काचेच्या गोळ्यातली बाई कसली हो बोलत होती? काका म्हणाले, कुठली बाई?

जगभरच्या बाहुल्या गातात ती नौका त्यांनी घाईने उरकली. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं आणि दोन वर्षांनी इथे आलेलं हे प्रकरण. त्यात भारताच्या वाट्याला ताजमहाल आला आहे. सांगली नाही, अशी नोंद काकांनी केली.

आता जेवण. चाच्यांच्या जहाजांचं जे खेळणं आहे, त्याच्या पोटातच 'ब्लू बायू' नावाचं हॉटेल आहे. दोन्ही १९६७ ची. आत कायम संध्याकाळ. टेबलांवर मिणमिणते दिवे, समोरून होड्या जातात, जेवणारे होडीवाल्यांकडे बघतात आणि होडीवाले जेवणाऱ्यांकडे. जागा आधी राखून ठेवावी लागते. काकांनी दारावरचं दरपत्रक वाचलं, मनातल्या मनात गुणलं आणि बायकोला होडीच्या रांगेत उभं केलं. होडी हॉटेलसमोरून गेली तेव्हा ताटातलं सगळं नीट बघून घेतलं. कोण काय खातंय, कोणी किती टाकलंय. तेही तिकिटात. मग बाहेर सावलीत बसून भडंग आणि गुरुवारचं लोणचं.

काकूंचा उपास हा गुंतागुंतीचा विषय होता. बटाटा चालतो म्हणून फ्रेंच फ्राइजपाशी थांबल्या. पण त्याच तेलात कोंबडी तळली नसेल कशावरून? पुढे गेल्या. माणसं हातात टर्कीचा भलामोठा पाय घेऊन ओरबाडत फिरत होती, ते बघून त्यांना मघाच्या देवाची आठवण झाली. शेवटी 'टिकी रूम' नावाच्या खेळाशेजारी अननसाचं 'डोल व्हिप' सापडलं. अननस हे फळ, फळ चालतं, आणि यात दूधही नाही असं काउंटरवरची पोरगी म्हणाली. काकूंनी ते धर्मशास्त्रात बसवून घेतलं आणि दोन खाल्ले. काकांनी पैसे भरले आणि गुणाकार केला. पण संकष्टीचा संकल्प मध्ये आला, त्यामुळे बोलता येईना.

पाण्याच्या बाबतीत मात्र काका अजिंक्य ठरले. इथल्या खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर पेलाभर पाणी फुकट देतात. काकांनी पार्कातलं जवळपास प्रत्येक काउंटर गाठलं. "बर्फ नको," हे वाक्य त्यांनी इंग्रजीत इतक्या वेळा म्हटलं की आता सांगलीतही चहाच्या टपरीवर तोंडातून निघतं. या पाण्याला इतिहास आहे. उद्घाटनाच्या वेळी प्लंबरांचा संप चालू होता. पिण्याच्या पाण्याचे नळ पूर्ण करायचे की शौचालयं, असा प्रश्न वॉल्ट डिस्नेपुढे आला. त्याने शौचालयं निवडली. उन्हाळा इतका कडक की रस्त्याचं ताजं डांबर वितळून बायकांच्या टाचा रुतत होत्या, आणि पाणी नाही. थंड पेयं विकायलाच त्याने हे केलं, अशी ओरड झाली. आरोप खरा असो की खोटा, काका त्या दिवशी तिथे असते तर हिशोब मागितल्याशिवाय परतले नसते.

रात्री आतषबाजी. मेन स्ट्रीटवर हजारो लोक किल्ल्याकडे तोंड करून उभे. एकट्या काकू उजवीकडे वळून 'स्पेस माउंटन' या खेळण्याच्या कळसावर नजर लावून होत्या, कारण पूर्व तिकडे आणि चंद्रोदय व्हायचा होता. सांगलीहून नेलेल्या पंचांगातली वेळ इथे उपयोगाची नव्हती. सुनेने फोनवर वेळ काढून दिली होती. दारूकामाचा धूर चंद्राच्या आड येत होता. "अहो, ह्यांना जरा थांबायला सांगा ना," असं त्या म्हणाल्या, तेव्हा शेजारच्या कुटुंबाने अंतर वाढवलं. चंद्र दिसला. नैवेद्याला चुरो होता, साखर आणि दालचिनी लावलेला. उकडीचा नाही, पण तळणीचा तरी.

सांगलीला परतल्यावर काकांनी निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर संपूर्ण ताळेबंद टाकला. भुतांचा दर वेगळा, पाण्याचे पेले बाजारभावाने जमा, होडीतून बघितलेलं जेवण निम्म्या किमतीला धरलेलं. निष्कर्ष, मुद्दल वसूल, व्याज बुडीत. गटातून सत्तावीस अंगठे आले. काकूंनी ताळेबंद वाचला नाही. पुढच्या वर्षी त्या सुनेबरोबर जाणार आहेत.

डिस्नेलँडमध्ये न्यायला मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत काच आहे, सेल्फी स्टिक आहे, घडीची खुर्चीही आहे. कॅल्क्युलेटर अजून नाही. ज्या भगिनींची मुलं कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी व्हिसाच्या मुलाखतीआधी या बाबतीत कंपनीला एक पत्र टाकावं, ही विनंती.