बारावीनंतर काय? : चांदा-गडचिरोली विशेष मार्गदर्शन

बारावीचा निकाल लागला की बल्लारशापासून आलापल्लीपर्यंत विजेच्या खांबांवर क्लासवाल्यांचे फलक चढतात. मर्चंट नेव्ही, फॅशन डिझाइन, एव्हिएशन. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे गाठायची तर वडसा, आणि पोट्ट्यांना विमान दाखवतात! इथल्या मातीला लागू पडेल असा सल्ला त्यात नसतो, म्हणून हे मोफत मार्गदर्शन.

राजमार्ग अर्थातच भरतीचा. वनरक्षक, पोलीस, पदवी झाली की तलाठी, जी निघेल ती. 2023 च्या तलाठी भरतीत जागा 4,644 होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये, राखीवला 900. गुणाकार घरी करून बघा, अंकगणिताचा सरावही होईल. निकालात 200 पैकी 214 गुण मिळालेला उमेदवार निघाला. ते सामान्यीकरण आहे, घोटाळा नाही, असं सरकारने समजावून सांगितलं. आम्हाला पटलं. फक्त आता आपलं पोरगं दोनशेपैकी दोनशे घेऊन घरी आलं तरी त्याला विचारायचं, 'उरलेले चौदा कुठे गेले रे?'

पोलिसात जायचं तर 1,600 मीटर धावावं लागतं. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी सातलाच डांबर मऊ पडायला लागतं, त्यामुळे सराव पहाटे चारला. आणि गावाच्या वेशीवर वनविभागाचा फलक: 'अंधारात एकट्याने बाहेर पडू नये, वाघाचा वावर आहे.' गृहखातं म्हणतं धाव, वनखातं म्हणतं घरात बस. पोट्ट्यांनी मधला मार्ग काढलाय. पाच-सहा जण एकत्र निघतात, एकाच्या खिशातल्या मोबाइलवर डीजेची गाणी ठणाणत असतात, आणि मागून एक जण मोटारसायकलचा दिवा रोखून, डाव्या हातात स्टॉपवॉच धरून येत असतो. कुठे पाचोळा वाजला की सगळ्यांची वेळ सुधारते, असं तो सांगतो. वाघाने मारल्यास वारसांना 25 लाख रुपये मिळतात. बारावी पासला एवढ्या रकमेचं पॅकेज आमच्या भागात दुसरं कोणी देत नाही. उमेदवाराला ते स्वतः उचलता येत नाही, एवढीच काय ती अट.

भरती निघेपर्यंत हात रिकामे नकोत म्हणून 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना 6,000 रुपये, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000. मुदत सहा महिने, पुढे वाढून अकरा. आमच्या शेजारचा एक जण एका कचेरीत लागला. आधार कार्डाची पाठपोट झेरॉक्स एकाच कागदावर कशी घ्यायची, 'आवक'चा शिक्का वाकडा न मारता कसा मारायचा आणि कोणत्या साहेबाचा चहा बिनसाखरेचा, हे सगळं त्याला आता तोंडपाठ आहे. अकरा महिने भरले त्या दिवशी त्याला दाखला मिळाला आणि त्याच्या खुर्चीवर पुढचा प्रशिक्षणार्थी बसला.

"बाबू, शिकला काय काही?" मी विचारलं.

"शिकलो ना जी. चार दिवसाची फाइल चार महिने कशी थांबवाची, ते."

इतकं कौशल्य घेऊन हा पोरगा घरी बसलाय, याला काय म्हणावं!

घरी बसवत नसेल तर स्थलांतर आहेच. सुगीत मिरची तोडायला तेलंगणात, एका पिकअपमध्ये तीस जण, मजुरी वजनावर, आणि परतताना बोटांची आग चार दिवस जात नाही. नाहीतर पुण्याला कंपनीत. खोलीभाडं, मेस आणि गावी यायचं तिकीट कापून जे उरतं, त्यात रिचार्ज होतो. स्थलांतरातही थाटाची बदली काय असते ते आमच्या ताडोबाच्या झीनत वाघिणीला विचारा. नोव्हेंबर 2024 मध्ये तिला ओडिशातल्या सिमिलीपालला पाठवलं, सोबत डॉक्टर, अधिकारी, गळ्यात रेडिओ कॉलर. बाईंना पोस्टिंग पसंत पडलं नाही. त्या उठल्या आणि चालत झारखंडमार्गे पश्चिम बंगालात गेल्या. तीन राज्यांची वनखाती रात्रंदिवस मागावर, आणि डिसेंबरच्या 29 तारखेला बांकुऱ्यात बेशुद्ध केलं आणि मग त्यांना सन्मानाने परत सिमिलीपालला नेलं. आमचं पोट्टं तीन महिन्यांत कंपनी सोडून येतं, तेव्हा त्याला शोधायला फक्त मेसवाला निघतो.

आता राहिली खात्रीची नोकरी. ती अभ्यासाने मिळत नाही, ती जमिनीखाली असते. वेकोलीने कोळशाच्या खाणीसाठी जमीन घेतली की दोन एकरांमागे एक नोकरी, हा इथला सर्वांत जुना अभ्यासक्रम. गुणपत्रिका नंतर, आधी सातबारा. म्हणून भद्रावती, राजुऱ्याकडे वावरात बोअर मारणारी मशीन आली की अख्खा गाव धुऱ्यावर जमतो. नळीतून काळा गाळ निघाला की मुलींच्या बापांचे फोन सुरू होतात. नुसती माती निघाली की घरात सुतक. एकाची जमीन पावणेदोन एकर भरली. तो पाव एकरासाठी चुलतभावाशी बोलायला लागला, वीस वर्षांनी. ज्याच्या आज्याने अशी जमीन दंडारीच्या नादात विकली, त्याच्या घरी आज्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून आहे. अशाच जमिनीत पीक काढून ती राखणारा मात्र लग्नाच्या बाजारात 'शेतकरी' म्हणून नापास.

गडचिरोलीकरांनी नाराज होऊ नये. तुमच्याकडे कोळसा नसला तरी लोखंड आहे, आणि जिल्हा आता शेवटचा नसून राज्यातला पहिला असल्याचं मुख्यमंत्र्यांनीच जाहीर केलंय. स्टील हब होतंय. सुरजागडच्या रस्त्यावर ट्रकांची रांग बघितली तर मालाला किती मागणी आहे ते कळतं.

तेव्हा पालकहो, क्लासची फी भरायची घाई करू नका. ती रक्कम आधी एका बोअरला लावा. पाणी लागलं तर धान होईल, कोळसा लागला तर सून मिळेल, आणि काहीच लागलं नाही तर पोलीस भरतीची पुढची जाहिरात येईतो पोराला धावायला लावा. दिवा मात्र मागून ठेवा, पुढून नको. वाघाच्या डोळ्यांवर येतो.