मिठाची वंशावळ

रामघाटावर आमच्या तीर्थोपाध्यायांच्या माडीत, खिडकीच्या फळीवर एक काचपट्टी वाळत होती आणि पापड राखत बसावं तसे आम्ही मामा-भाची तिच्यापाशी बसलो होतो. काचेवर थेंब होता आणि थेंबात मी होतो. म्हणजे सकाळी मिठाच्या पाण्यानं मी भरलेली चूळ. तीत भाचीनं भांड्यांचा साबण कालवला, वरून गार स्पिरिट सोडलं, तेव्हा सायीच्या दोऱ्यासारखं काहीतरी संकोचत वर आलं. "मामा, हा तुझा डीएनए." एका पेशीतला धागा उलगडला तर दोनेक मीटर भरतो म्हणे. आजीच्या नऊवारीची घडीही इतकी चापून बसत नसे.

थेंब वाळला. भिंगातून पाहिलं आणि हरखलोच. भोवती दाट कडं, आत नेच्याची पानं, फांदीला फांदी. मला तर त्यात मूळ घर, चुलत्यांच्या वाटण्या, कोर्टात गेलेला फणससुद्धा दिसू लागला. भाची म्हणाली, "ते मीठ आहे." मिठाचे एरवी चौकोनी खडे व्हायचे; डीएनएसारखे लांबलचक रेणू वाटेत आले की ते असं फांद्या फोडतं. आणि कडं? थेंबाच्या काठचं पाणी आधी उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी धावतं आणि बरोबरचा ऐवज काठावर टाकून जातं. चहाच्या कपाखालचं वर्तुळ तेच. शिकागोतल्या संशोधकांनी १९९७ साली त्याचा उलगडा केला.

ही नक्षी मी आधी पाहिली होती. आजीनं काशीहून झाळलेला गंगेचा गडू आणला होता. गावाला मावंदं घातलं आणि पाणी शेवटच्या घोटासाठी देवघरात राखून ठेवलं. वेळ आली, गडू फोडला, तर झाळ कुठंतरी सुटलेली. आत पाणी नव्हतं, तळाशी नुसती पांढरी नक्षी. वडिलांनी त्यात माठातलं पाणी ओतलं, गडू गोल फिरवला आणि आजीला पाजलं. आजी म्हणाली, "गोड आहे हो."

खालून गुरुजींनी हाक मारली. वंशावळीची वही उघडली होती. पणजोबांची मोडी सही मला वाचता येईना, तरी तिच्याखाली मी माझी केली. गुरुजींचा दौत-टाकाचाच आग्रह, त्यामुळे पानावर एक थेंब सांडलाच. तो वाळेपर्यंत थांबलो. भाचीनं भिंग धरलं. मधल्या शाईपेक्षा कडेची रेघ गडद होती.