पेसोपंत

पहाटे पाचला सोसायटीच्या फाटकाशी एक गृहस्थ डावा हात आकाशाकडे करून उभे असतात. सूर्य उगवायला अवकाश असतो, त्यामुळे हा काही नमस्काराचा प्रकार नव्हे. वॉचमन सुरुवातीला "साहेब, रेंज येत नाही का?" असं विचारायचा. आता विचारत नाही. मनगटावरच्या घड्याळाला उपग्रह सापडले की ते थरथरतं, गृहस्थ बटण दाबतात आणि पुण्याच्या थंडीत दिसेनासे होतात. हे पेसोपंत. प्रत्येक रनिंग ग्रुपमध्ये असा निदान एक असतोच. बाणेरला असतो, ठाण्याला असतो, नाशिकला असतो, आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळातही असतो.

पेसोपंतांचं वय ४६. काही वर्षांपूर्वी हेल्थ चेकअपच्या कागदावर कोलेस्टेरॉलपुढे ठळक टायपात आकडा आला आणि ते धावायला लागले. कोलेस्टेरॉल केव्हाच उतरलं, आकड्यांची ओढ मात्र चढत गेली. आता सकाळी उठल्यावर आपली झोप कशी झाली, हे त्यांना घड्याळाकडून कळतं. "आज स्कोअर ४७. झोपच लागली नाही," असं ते चेहरा पाडून सांगतात. "अरे, रात्रभर घोरत होतास की!" ही बायकोची साक्ष पुराव्यात धरली जात नाही.

त्यांच्या बोलण्यात परकी माणसंही फार येतात. एकदा पोहे खाताना ते म्हणाले, "उद्यापासून सगळं जॅक डॅनियल्सच्या हिशोबाने करायचं ठरवलंय." पलीकडे पेपर वाचत बसलेले त्यांचे वडील चष्म्यावरून बघत म्हणाले, "निदान संध्याकाळी तरी कर." हे जॅक डॅनियल्स म्हणजे धावण्याचे नामांकित अमेरिकन प्रशिक्षक. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी अव्वल धावपटूंची पावलं मोजली आणि जवळजवळ सगळेच मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकतात, असं त्यांना आढळलं. ती पावलं शर्यतीतली, ऑलिंपिकच्या वेगाची होती. माणसाची उंची आणि वेग बदलला की हा आकडाही बदलतो. पेसोपंत मात्र किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसलाही १८० पावलं टाकायला जातात, तेव्हा समोरून फिरायला आलेल्या आजी काळजीने थांबून बघतात.

हृदयाचा हिशोब तर आणखी नाजूक. २२० वजा वय, म्हणजे पेसोपंतांचे कमाल ठोके १७४. हे सूत्र १९७१ च्या सुमारास रूढ झालं आणि जगभरच्या जिममधल्या भिंतींवर जाऊन बसलं. २००१ मध्ये दुसरं सूत्र आलं: २०८ वजा वयाचे सात दशांश. त्याने १७६ येतात. दोन्ही सूत्रं सरासरीची. प्रत्यक्ष माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. पेसोपंतांनी दोन्हींची सरासरी काढून १७५ धरले आणि श्रमानुसार ठोक्यांच्या पाच पट्ट्यांच्या, म्हणजे झोनच्या, सीमा दशांशापर्यंत आखून घेतल्या. मग एके दिवशी हळू पळतानाच घड्याळाने १७२ ठोके दाखवले. पेसोपंत रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसले, हार्ट अटॅकची लक्षणं वाचली, रिक्षा करून घरी आले. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर थंडीत किंवा पट्टा सैल असला की कधीकधी नाडीऐवजी पावलांचाच ताल पकडतो. त्या दिवशी त्यांची पावलंही मिनिटाला १७२ च होती. दुसऱ्या दिवशी छातीला बांधायचा पट्टा आला.

इथवर सगळं निरुपद्रवी आहे. खरी गडबड होते ती आकडे दुसऱ्यांना दिसायला लागले की.

पेसोपंतांचं प्रत्येक धावणं घरी पोचण्याआधी स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदींच्या ॲपवर पोचतं. तिथे ऑफिस आहे, ग्रुप आहे, कॉलेजचे मित्र आहेत, आणि एक साडू आहे जो किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढतो. त्यामुळे घड्याळात ९.८७ किलोमीटर असताना घर आलं तर पेसोपंत लिफ्टकडे वळत नाहीत, १०.०० होईपर्यंत पार्किंगमध्ये गाड्यांभोवती फिरतात. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांमधून लष्करी तळ उघडे पडल्याची बातमी जगभर गाजली होती. पेसोपंतांच्या नकाशावरून त्यांच्या सोसायटीत कुणाची गाडी कुठे लागते, ते कळतं. सिग्नलला थांबावं लागलं तर घड्याळही थांबवलं जातं. वाईट गेलेलं धावणं 'वॉर्मअप' या नावाने जातं. आणि आठवड्यातून तीनदा 'इझी रिकव्हरी रन' असं लिहिलेलं असतं, त्याचा पेस साडूच्या पेसपेक्षा बरोबर दोन सेकंदांनी कमी असतो.

ग्रुपचे कोच निवृत्त पीटी शिक्षक. त्यांच्या हातात घड्याळ आहे, तेही काट्यांचं. विद्यापीठाच्या आवारात एका रविवारी ते सायकलवरून पेसोपंतांच्या शेजारी आले.

"आज काय आहे?"

"इझी रन, सर. झोन टू."

"बरं. सत्तावीसचा पाढा म्हणा."

सत्तावीस एके सत्तावीस झालं, सत्तावीस दुणे चोपन्न झालं. सत्तावीस त्रिकाला धाप लागली आणि एक्याऐंशी हवेतच राहिलं.

"झोन टू नाही हा," सर म्हणाले. "दाहीपर्यंत पाढा आला पाहिजे."

सरांचं हे तंत्र अडाणी नव्हे. धावताना पूर्ण वाक्य बोलता येणं ही सोप्या वेगाची कसोटी आज सगळीकडे वापरली जाते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तर माणसाला स्वतःला किती श्रम वाटतात, याचीच मोजपट्टी केली. ती सहापासून वीसपर्यंत जाते, कारण सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या हृदयाच्या ठोक्यांचा साधारण अंदाज यावा. म्हणजे आतल्या जाणिवेलाही आकडा असतो. तो फक्त अपलोड करता येत नाही.

मग सरांनी एक अट घातली: आठ आठवडे सगळी धावणी 'फक्त मला दिसतील' वर ठेवायची. पेसोपंतांना हे व्रत अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरच्या मंडळींना किलोमीटरगणिक वेळा, म्हणजे स्प्लिट, तोंडी सांगितले. पण बघणारं कुणी नाही म्हटल्यावर सोपं धावणं खरोखर सोपं झालं. आठवड्यातले चार दिवस सात मिनिटांचा पेस, एक दिवस जोराचा टेम्पो रन, रविवारी लाँग रन. साडेसहाच्या पेसला सुरुवातीला १५१ ठोके पडायचे, आठव्या आठवड्याला तेवढ्याच वेगाला १४२ पडायला लागले. एवढ्या वर्षांत घड्याळाने त्यांना दिलेली ही पहिली कामाची माहिती होती. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगेही आपला सराव वर्षानुवर्षं वह्यांमध्ये हाताने लिहितो, हे सरांनी सांगितल्यावर पेसोपंतांनी तडक दोनशे पानी वही आणली. तिच्या कव्हरचा फोटो मात्र ग्रुपवर आलाच.

जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन. लक्ष्य चार तासांच्या आत. ४२.१९५ किलोमीटर, किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, एकूण ३ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. पेसोपंतांचं शास्त्र चोख होतं. केल्विन किपटमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा जागतिक विक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा टप्पा ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत धावला, हे त्यांनी आदल्या रात्री पास्ता खाताना वेटरलाही सांगितलं. २०१९ मध्ये व्हिएन्नात किपचोगे दोन तासांच्या आत धावला, तेव्हा पुढच्या गाडीतून रस्त्यावर लेझरच्या रेषा पाडल्या होत्या, त्याने घाई करू नये आणि रेंगाळूही नये म्हणून. पहिले दहा किलोमीटर हात आखडून धावायचं, असं पेसोपंतांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

पण छातीवरच्या नंबरात, म्हणजे बिबमध्ये, चिप असते, रस्त्यावर मॅट असतात, आणि ॲपवर त्या चिपचा माग कुणालाही काढता येतो. बायको, ऑफिस, ग्रुप आणि साडू, सगळे ॲपवर डोळे लावून बसले होते. मरीन ड्राइव्हवर चार तासांचा झेंडा घेतलेला पेसर बाजूला होता. पेसोपंत त्याला मागे टाकून गेले. पहिले दहा किलोमीटर ५:२० ने. ग्रुपवर अंगठे आले.

साडेतीन मिनिटं अशी बँकेत टाकली, असं त्यांना वाटलं. पण ही पतपेढी ठेवीवर व्याज देत नाही, उलट घेते. शरीरात साठवलेल्या साखरेची ऊर्जा साधारण दोन हजार कॅलरी, आणि एका किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे जवळपास एक कॅलरी लागते. ७२ किलोंच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला तीन हजारांच्या आसपास. उरलेली चरबीतून येते, पण वेग वाढवला की शरीर साखरच जास्त जाळतं. त्यात पुण्याच्या कोरड्या गारव्यात तयार झालेलं हृदय मुंबईच्या दमट हवेत त्याच वेगाला जास्त ठोके टाकतं. हे सगळं वहीत होतं. वही हॉटेलवर होती.

बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला, आणि तिथेच चार तासांचा झेंडा शांतपणे शेजारून पुढे गेला. एका आजोबांनी संत्र्याची फोड दिली, एका मुलीने चिक्की दिली. पेसोपंतांनी दोन्ही घेतलं आणि बारा सेकंद वाया गेल्याची नोंदही मनात घेतली.

अधिकृत वेळ ४:०३:१२. घड्याळाचं म्हणणं निराळं: अंतर ४२.८१, सरासरी पेस बरोबर ५:४१, आणि ४२.१९५ पार झाले तेव्हा वेळ ३:५९:१२.

सरांनी समजावलं. मॅरेथॉनचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून, वळणांवर सगळ्यात आखूड रेषेने मोजतात. वर चूक होऊन अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. धावणारा गर्दीतून नागमोडी जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळणं बाहेरून घेतो, आणि उंच इमारतींत जीपीएसही थोडं भरकटतं. म्हणून लॅपचं बटण रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी दाबायचं, आणि चार तासांच्या आत यायचं असेल तर घड्याळावर पेस ५:४१ नाही, ५:३६ धरायचा.

पेसोपंतांनी ५:३६ वहीत लिहून घेतलं. मग स्ट्राव्हावर 'सब फोर!!!' असं शीर्षक टाकलं. साडूने सर्टिफिकेटचा फोटो मागितला आहे. आयोजकांना पाठवायच्या ईमेलला चार स्क्रीनशॉट जोडून झालेत, विषय आहे 'मार्ग ६१५ मीटर जास्त', आणि ती सायकल चालवणारा माणूस कोण, याची चौकशी सध्या ग्रुपवर सुरू आहे.