चिमणीवर खापर

सोलापूरचं विमान सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीमुळे अडलं, म्हणून जून २०२३ मध्ये ती पाडली. चिमणी विमानाच्या वाटेत होती, हे मान्य. पण किंगफिशर ही विमान कंपनी २०१२ साली आणि जेट २०१९ साली जमिनीवर आली, ती कोणत्या चिमणीला धडकून? गो फर्स्टने तर चिमणी पडायच्या महिनाभर आधीच मान टाकली. कुणी म्हणेल, तिला प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांनी दगा दिला. दिला खरा, पण तीच इंजिनं इंडिगोकडेही होती, आणि ती उडतेच आहे. अडथळा ताळेबंदात असला की सुरुंग चालत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्याच वैरागकरांना हे सांगायला नको. त्यांचा संतनाथ साखर कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या धुराड्याला कुठलं विमान आडवं आलं होतं?